फॉरमॅट मारू का?

काँप्युटर दुरुस्त करायला येणारा माणूस खुर्चीत टेकतो, एकदा पॉवरचं बटण दाबतो आणि दुसऱ्या मिनिटाला विचारतो, "फॉरमॅट मारू का?" आवाज येत नाही? फॉरमॅट. प्रिंटर रुसलाय? फॉरमॅट. नवीन रॅम टाकल्यावर स्क्रीन काळी? तरीही फॉरमॅट! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अहो, स्क्रीनवर कंपनीचं चिन्हसुद्धा उमटत नाहीये, म्हणजे विंडोज अजून जागंच झालेलं नाही. मग पुसताय काय?

माझं या प्रश्नाशी जुनं वैर आहे. पण हल्ली हा प्रश्न नुसता आळशी राहिलेला नाही, धोक्याचा झालाय, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, प्रोसेसरही बऱ्यापैकी अलीकडचा हवा (इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा). त्यामुळे बोर्ड बदल, प्रोसेसर बदल, रॅम वाढव असे उद्योग घरोघरी झाले. आणि विंडोज ११ ची एक गंमत बहुतेकांना ठाऊकच नसते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून मशीन सुरू केलं, की अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची किल्ली टीपीएमच्या ताब्यात, आणि टीपीएम असतं बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये. बोर्ड बदलला की विंडोजला वाटतं, कोणीतरी डिस्क चोरून दुसऱ्या मशीनला लावली. मग निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो.

आमच्या एका काकूंच्या लॅपटॉपचं अगदी हेच झालं. बोर्ड गेला, दुकानदाराने नवा टाकला, निळा पडदा आला. दुकानदार म्हणाला, "काकू, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." त्या डिस्कवर काकांच्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. काकूंनी नशिबाने "मारा" म्हणायच्या आधी फोन केला. लॅपटॉप मुलीने सुरू करून दिला होता, तिच्या खात्याने. तिने बंगळूरला बसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपलं खातं उघडलं, ते ४८ आकडे फोनवर वाचून दाखवले, आणि पाच मिनिटांत लॅपटॉप उघडला. कसला व्हायरस न् कसलं काय!

फॉरमॅट मारला असता तर? काहीही करून ते फोटो परत आले नसते. किल्ली हरवलेली डिस्क खुद्द मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. जुना बोर्ड थोडाफार जिवंत असेल तर तो परत लावून कुलूप उघडण्याची शक्यता असते, पण जुना बोर्ड कुठे असतो? दुकानदाराच्या खोक्यात. "त्याचा काय उपयोग तुम्हाला" म्हणून ठेवून घेतलेला. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे ती, परत मागायची लाज कसली?

एवढ्यावर थांबत नाही. बोर्ड बदलला की बऱ्याचदा विंडोजचं लायसन्सही ओळख विसरतं. विकत घेतलेलं असेल तर ते नव्या हार्डवेअरवर पुन्हा चालू करण्याची सोय सेटिंग्जमध्येच आहे. मशीनबरोबर आलेलं असेल तर ते त्या बोर्डाशीच बांधलेलं असतं. पण हे बघायला वेळ कोणाला? खिशातून पेन ड्राइव्ह निघतो, "अँटिव्हायरस जरा बंद करतो हं" म्हणत अॅक्टिव्हेटर चालवला जातो. म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून वॉचमनला चहाला पाठवायचं! आणि त्याच मशीनवरून मग आपण बँकेचे व्यवहार करणार.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर दुरुस्तीवाले मित्र भांडायला येतील (येऊ देत, पण चहा पिऊन जा). फॉरमॅटचे पैसे मिळतात, निदानाचे मिळत नाहीत. तासभर खपून त्याने सांगितलं, की सीपीयूची आठ पिनची वायर लावायची राहिली होती, किंवा मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावली होती, तर गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याचे पाचशे?" तिथेच तो शिकतो, की पुढच्या वेळी फॉरमॅटच मारायचा. शोधून काढण्याचे पैसे द्या हो! डॉक्टरला नाही का देत?

आणि शोधण्यात जादू नसते. एका वेळी एकच भाग बदलायचा, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं. रॅम काढून, एकच पट्टी ठेवून, खटकन बसेपर्यंत दाबायची. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, रॅम वगैरे नावांचे बारीक दिवे असतात, कुठला पेटून राहतोय ते बघायचं. डीडीआर५ रॅम नवी टाकली तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड तिची ओळख करून घेत असतो. तेवढ्यात तीनदा बटण दाबून "बोर्ड गेला" जाहीर करणारे महाभाग आहेत.

सगळ्यात चीड येते ती बटणाएवढ्या सेलच्या प्रकरणाची. सीआर२०३२, तीन व्होल्ट. जुन्या मशीनमधला हा सेल संपला की प्लग काढल्यावर तारीख मागे जाते, कित्येक वर्षं. मग प्रत्येक वेबसाइट ओरडते, की जोडणी सुरक्षित नाही, कारण मशीनच्या मते त्या साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. कोपऱ्यातलं घड्याळ कोणी बघत नाही. त्याऐवजी घरातल्यांना शिकवलं जातं, "ते लाल काही आलं की 'तरीही पुढे जा' दाबायचं." एका किरकोळ सेलपायी सासूबाईंना खरी सूचना धुडकावण्याची सवय लागते.

नातेवाईक मंडळींनी एवढं तरी आजच करावं. बोर्ड बदलायच्या आधी, मशीन चालू असतानाच, ते ४८ आकडे कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत, आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "थोडं येतंच" म्हणू नये. एसएमपीएसमधून किंचित करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा, तो जात नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. प्लगची जाड पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती आधी जोडली जावी म्हणून. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसलेले प्लग मी अजून बघतो. अशा घरी आधी वायरमन बोलवा. काँप्युटरवाला नंतर.