भूत घर सोडून का जात नाही?

शनिवार दुपार. ऑफिसचा लॅपटॉप बॅगेत बंद, बाहेर पावसाची रिपरिप आणि हातात धारप. यापेक्षा चांगला वीकेंड मला तरी माहीत नाही. आठवीत असताना लायब्ररीतून आणलेलं नारायण धारपांचं पहिलं पुस्तक मी रजईत टॉर्च लावून वाचलं होतं. नंतर आठवडाभर रात्री बाथरूमला जाताना धाकट्या भावाला उठवून बरोबर न्यायचो. (बिचाऱ्याला खरं कारण अजून माहीत नाही.) तेव्हापासून धारप, मतकरी, मग इंग्रजीतले स्टीफन किंग, शर्ली जॅक्सन... झपाटलेलं घर असलं की मी वाचणारच. भुतावर माझा विश्वास नाही, पण भुताच्या गोष्टीवर आहे. आजचं लिखाण त्याबद्दल, आणि थोडं आमच्या घराबद्दल.

अशा गोष्टी न वाचणारे लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "एवढं सगळं होतंय, तर ती माणसं घर सोडून का जात नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि चांगला लेखक त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. किंगच्या 'द शायनिंग'मधल्या (१९७७) जॅकची शिक्षकाची नोकरी गेलेली असते. हिवाळाभर रिकामं हॉटेल सांभाळायचं काम हातातून घालवणं त्याला परवडणारं नसतं. अमेरिकेतल्या ॲमिटीव्हिलच्या घरात १९७४ साली एकाच कुटुंबातल्या सहा जणांचे खून झाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुटुंबाने ते घर स्वस्तात घेतलं आणि २८ दिवसांत सोडलं. त्यांनी सांगितलेल्या भुताखेतांबद्दल पुढे भरपूर वाद झाले. पण 'स्वस्तात मिळत होतं म्हणून घेतलं' हे कारण ज्याच्या डोक्यावर होम लोन आहे त्याला लगेच पटतं. :)

आपल्याकडे उत्तर आणखी सोपं. वाडा वडिलोपार्जित असतो. तो सोडायचा म्हणजे वाटा सोडायचा, आणि वाटा कोण सोडतो?

पण इतकी वर्षं वाचल्यावर मला आता उलटाच प्रश्न पडतो. माणसं सोडत नाहीत हे समजलं. भूत का सोडत नाही? त्याला ना लोन, ना भाडं. सगळं जग मोकळं असताना ते त्याच जिन्याखाली, त्याच खोलीत का अडकून बसतं?

माझं उत्तर असं आहे की त्याचं काहीतरी काम अडलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिकीट ओपन आहे आणि कुणी असाइन करून घेत नाहीये.

हे मी मनाचं सांगत नाही. झपाटलेल्या घराच्या फार जुन्या गोष्टींपैकी एक रोमन लेखक प्लिनी याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी एका पत्रात लिहिली आहे. अथेन्समध्ये एक मोठं घर होतं. रात्री साखळदंडांचा आवाज यायचा, म्हणून कुणी राहायला तयार नव्हतं. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ तिथे आला, भाडं एवढं कमी का याची चौकशी केली, आणि सगळं कळल्यावर मुद्दाम तेच घर घेतलं. रात्री तो लिहीत बसला असताना साखळदंडांनी जखडलेला म्हातारा समोर येऊन त्याला खुणेने बोलावू लागला. याने हातानेच 'जरा थांब' म्हटलं आणि हातातलं लिखाण चालू ठेवलं. (काय माणूस असेल!) मग दिवा घेऊन तो त्याच्या मागे गेला. अंगणात एका जागी भूत नाहीसं झालं. दुसऱ्या दिवशी तिथे खणलं तर साखळ्यांत अडकलेली हाडं निघाली. त्यांचे रीतसर अंत्यसंस्कार झाले आणि घर शांत झालं. ना मंत्र, ना तंत्र. तक्रार काय आहे ते एकाने जाऊन बघितलं, एवढंच.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध झपाटलेली वास्तू कुठली? शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला आणि 'काका, मला वाचवा' ही हाक अजून ऐकू येते असं लोक सांगतात. ते काका म्हणजे राघोबादादा. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावाची आनंदवल्ली इथे नाशकात गंगापूर रोडला आहे आणि मी रोज तिथूनच ऑफिसला जातो. त्या हाकेतली भुताची भीती जरा बाजूला ठेवा. उरते ती शुद्ध भाऊबंदकी! रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी ठरवलं हे आपण शाळेत शिकतो, पण त्यांना शिक्षा झाली नाही हे लोक विसरलेले नाहीत. म्हणून हाक अजून ऐकू येते.

आपली भुतं एकेक आठवून बघा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. वारस न ठेवता, इस्टेटीत जीव अडकून गेलेला समंध होतो. प्रत्येकाचं काहीतरी बाकी राहिलेलं आहे.

म्हणून माझं एक मत झालंय, धारपांच्या चाहत्यांनी रागावू नये (मी स्वतः पक्का चाहता आहे). मांत्रिक किंवा कुणी अधिकारी पुरुष येऊन शेवटी भुताचा बंदोबस्त करतो, अशा गोष्टींत माझा रस शेवटच्या वीस पानांत संपतो. धारपांचे 'समर्थ' आले की आता सगळं ठीक होणार हे आधीच कळतं. त्याआधीची दीडशे पानं मात्र अफाट असतात. अंधाऱ्या माडीवर नुसता वास बदलला एवढं सांगून हा माणूस आपल्याला गार करतो! पण बंदोबस्त म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं झालं. चालू होतो, सगळे घरी जातात, आणि रूट कॉज तसंच राहिल्यामुळे पुन्हा रात्री तीनला फोन वाजतो. मतकरींच्या गोष्टींत भीती पुष्कळदा माणसाच्या मनातच असते, त्यामुळे ती बाटलीत भरून नदीत सोडता येत नाही. २०१८ चा 'तुंबाड' मला आवडला तोही यासाठीच. त्यातली साखळीने बांधलेली म्हातारी भयंकर आहेच, पण एका सोन्याच्या मोहरेसाठी वर्षानुवर्षं वाड्यावर राबणारी विनायकची आई मला जास्त दिवस आठवत राहिली.

असो. आता मूळ मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो.

आमचा जुन्या नाशकात वाडा आहे. म्हणजे अजून तरी आहे. भिंती पावसात फुगल्यात, पालिकेची धोकादायकची नोटीस दरवर्षी येते, आम्ही केव्हाच फ्लॅटमध्ये राहायला आलोय. लहानपणी सुट्टीत तिथे गेलो की माजघरामागच्या एका खोलीत जायची आम्हाला बंदी होती. "तिथे काकू बसलेली असते," असं मोठी माणसं सांगायची. काकू म्हणजे आजोबांची काकू. ती आमच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेली. माझं या गोष्टींचं वेड बहुतेक त्या बंद दाराशीच सुरू झालं.

आता वाडा बिल्डरला द्यायचं ठरतंय. कागद शोधायचं काम माझ्याकडे आलं (कॉम्प्युटरवाला मुलगा, स्कॅन करेल!). ट्रंकेत १९५८ चा एक स्टॅम्पपेपर सापडला. हक्कसोडपत्र. खाली काकूचा अंगठा. मी आजीला विचारलं. ती बराच वेळ वाती वळत राहिली, मग म्हणाली, "नवरा गेल्यावर तिला ती खोली दिली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिथेच असायची. अंगठा कशाचा घेतला ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही रे. मलाही पुढे कळलं."

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात मर्यादित का होईना हक्क दिला होता आणि १९५६ च्या कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. दोनच वर्षांत अंगठा घेतला गेला. मग आम्हा पोरांना त्या खोलीची भीती घातली गेली. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण भुताला घाबरलेलं पोर त्या खोलीबद्दल प्रश्न विचारत नाही, हे खरं.

आणि त्याच फाइलमध्ये अगदी वर, नवाकोरा, दुसरं हक्कसोडपत्र होतं. माझ्या दोन्ही आत्यांच्या नावाचं. सही बाकी आहे. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा १९५६ पासूनच आहे. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत तो मुलाइतकाच झाला, आणि वडील त्याआधी गेले असले तरी हा हक्क राहतो असं २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना नकोच आहे रे, आपल्याकडे असंच करतात." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्यांना विचारलंत का?" बाबा पेपर वाचायला लागले.

कुणाला वाईट ठरवायला मी हे लिहीत नाहीये. बाबा सज्जन माणूस आहे. आत्यांच्या बाळंतपणांना, मुलांच्या फियांना तेच धावून गेलेत. पण झपाटलेल्या घरांच्या शंभर गोष्टी वाचून मी एवढं शिकलोय की पहिल्या प्रकरणात सगळे सज्जनच असतात, आणि कुणीतरी कशावर तरी न वाचता सही करतं.

उद्या रविवार. दोन्ही आत्या जेवायला येणार आहेत, सह्यांचं बोलणं जेवणानंतर आहे. मी काकूच्या कागदाची एक प्रिंट काढून ठेवलीये. आधी ती आत्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, मग नवा कागद वाचून दाखवणार, आणि मग काय हवंय ते त्यांचं त्यांनी सांगायचं. घरात वादळ होणार हे नक्की. खरं सांगू का, धारपांचं कुठलंही पुस्तक उघडताना छातीत एवढी धडधड झाली नव्हती.