उंचीचा गज आणि टेकडीची योग्यता

डोंगर कशास म्हणावे, हा प्रश्न गुराख्यास कधी पडला नाही. तो पडला शहाण्यांस. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवलीची नवी व्याख्या मान्य केली : भोवतालच्या भूमीहून १०० मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, एरव्ही नव्हे! देशात ओरड झाल्यावर २९ डिसेंबरला न्यायालयानेच त्या निर्णयास स्थगिती दिली, हे योग्यच झाले. परंतु मूळ विचारातील खोट तेवढ्याने निघाली, असे आम्हांस वाटत नाही.

मोजणीशी आमचे वैर नाही. लँबटनने १८०२ मध्ये मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी एव्हरेस्टने निजामाच्या मुलखातून, आमच्या उमरीच्याच रेखांशाच्या आसपासून, उत्तरेस नेली. सपाट मुलखात त्या मोजणीदारांस लहानशी टेकडीही मोलाची वाटे. तिच्यावरून दूरचे दिसे. आज मोजपट्टीनेच तिचे नाव खोडू पाहणारे निघाले आहेत.

उद्या हाच गज बालाघाटास लावला, तर मराठवाड्यातील टेकड्या किती उरतील? ९९ मीटरांच्या टेकडीवर पाणी मुरत नाही आणि १०० मीटरांच्या टेकडीवर मुरते, असे कोणता भूगर्भशास्त्रज्ञ म्हणेल? पायथ्याच्या विहिरीस ही व्याख्या ठाऊक नसते. मुरूम वाहणाऱ्यास मात्र ती तत्काळ पाठ होते.

उंची अवश्य मोजावी. तीवरून योग्यता ठरवू नये. निर्णयास स्थगिती मिळते. खणून नेलेली टेकडी मात्र कोणत्याही स्थगितीने पुन्हा उभी राहत नाही.