चिमणीला आणखी किती मुदतवाढ?

चंद्रपूरकरांनो, दुर्गापूर-ऊर्जानगर-पद्मापूरच्या रहिवाशांनो,

गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी धूळ दिसते, म्हणून आपण तिच्या नावाने बोटे मोडतो. जीव घेते ती न दिसणारी धूळ. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा कण नाकातही अडकत नाही आणि घशातही नाही. तो फुफ्फुसाच्या तळाशी उतरतो आणि तिथून रक्तात शिरतो. दमा, न हटणारा खोकला, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कमी वजनाची बाळे या सगळ्यांमागे त्याचा हात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक ठरवली आणि तिला तंबाखूच्याच गटात बसवले. तंबाखू निदान सोडता तरी येते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजले. सत्तरच्या वर गुण गेले की अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खुल्या कोळसा खाणी, घुग्घुस-गडचांदूरचे सिमेंट, बल्लारपूरची पेपर मिल आणि या सगळ्यांच्या मधोमध २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. ते राज्य सरकारच्याच कंपनीचे असल्याने तक्रार करायची आणि न्यायही मागायचा तो सरकारकडेच.

चिमणीतून राखेबरोबर सल्फर डायऑक्साइडही बाहेर पडतो. त्याला केंद्र सरकारच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने मर्यादा घातली; ती पाळायची तर हा वायू अडवणारी एफजीडी यंत्रणा बसवावी लागते. मुदत होती दोन वर्षांची. ती २०२२ पर्यंत वाढली, मग पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक केंद्रांना यंत्रणेतूनच सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय आता एकेक प्रकरण तपासून होणार, आणि बसवायचीच ठरली तरी मुदत २०२८ च्या अखेरची. तोवर पहिल्या अधिसूचनेच्या वर्षी जन्मलेले मूल माध्यमिक शाळेत पोचलेले असेल.

सरकार म्हणते, आपल्या कोळशात गंधक कमी असते आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे. गंधक कमी हे खरेच, पण जळणाऱ्या कोळशाचे डोंगर कोण मोजणार? शिवाय हा वायू हवेत वायूच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते वेगळ्या रकान्यात मोजले जातात. चोराने सदरा बदलला आणि शिपाई सांगतो, जुन्या सदऱ्यातला कोणी इथून गेला नाही!

आणि ‘मर्यादेत’ म्हणजे तरी किती? सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५. आठपट विष कायदेशीर आहे.

‘केंद्रावर आमचे पोट आहे,’ असे कोणी म्हणेल. आहेच. पण राख सगळ्यात आधी खातो तो कंत्राटी कामगारच, आणि धाप लागली की त्याचे नाव हजेरीपटावरून जाते. केंद्र बंद करा, असे आम्ही म्हणतच नाही. वीज मुंबई-पुण्याला जाते, जाऊ द्या. राख आणि वायू मात्र आमच्या पदरात टाकू नका.

म्हणून आमच्या मागण्या अशा: प्रत्येक संचाला एफजीडी कोणत्या तारखेला बसणार, हे लेखी द्या. चिमणीवरच्या यंत्रांचे आकडे प्रदूषण मंडळाकडे जातातच. तेच दुर्गापूरच्या चौकात मराठीतल्या फलकावर रोज लावा. आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फुफ्फुसाची क्षमता मोजण्याची सोय करा. मुलांची आणि कंत्राटी कामगारांची दरवर्षी तपासणी करा आणि अहवाल त्यांच्या हातात द्या. खर्च वीज केंद्राचा.

दुर्गापूर-ऊर्जानगरच्या ग्रामस्थांनो, येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. शहरातल्यांनी आपापल्या नगरसेवकाला महापालिकेत तो मांडायला लावावा. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय सभेतून उठू नका.