पाऊस पडला, खाडा कोणाचा?

19 ऑगस्ट 2025. मुंबईत पाणी तुंबलं, लोकल थांबल्या. सरकारी कार्यालयांना सुट्टी मिळाली; खासगी कंपन्यांना सांगितलं गेलं, कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्या. आता भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणाऱ्याने घरून काम कसं करायचं? नया नगरच्या मोबाइल दुकानातल्या पोराने? मीरा रोडहून अंधेरीच्या शोरूमला जाणाऱ्या मुलीने? अशा दिवशी यांच्या वाट्याला सुट्टी येत नाही, खाडा येतो.

कायदा गप्प नाही, तोकडा आहे. नैसर्गिक आपत्तीमुळे मालक काम देऊ शकला नाही तर अर्धा पगार द्यावा, ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. पण 50 पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला ती लागू नव्हती. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्याने वर्षाला 8 पगारी नैमित्तिक रजा दिल्या, पण 10 पेक्षा कमी कामगारांची दुकानं त्याबाहेर ठेवली. आपली कितीतरी मुलं नेमकी अशाच गाळ्यांत आणि दुकानांत राबतात.

'हे कुठे शक्य आहे?' म्हणणाऱ्यांनी स्पेनकडे पाहावं. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हॅलेन्सियाच्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. महिन्याभरात तिथल्या सरकारने 4 दिवसांपर्यंतची पगारी हवामान रजा मंजूर केली. पगार कापला जाईल या धाकाने कुणी पाण्यात उतरू नये, एवढी साधी गोष्ट.

छोटा मालकही पुरात बुडतो, हे खरं. म्हणून भार एकट्या त्याच्यावर नको. ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट असेल किंवा लोकल बंद असतील, त्या दिवशीचा पगार कापता येऊ नये. लहान दुकानांत निम्मा वाटा राज्याने उचलावा. नगावर काम करणाऱ्याला सरासरी रोज मिळावा. उष्णतेच्या लाटेलाही हाच नियम हवा. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला उन्हाने घेतलेले बळी विसरू नका.

आणि थोडं आपल्याबद्दल. पूर आला की आपण खिचडी शिजवतो, चादरी वाटतो. चांगलंच आहे. पण गाळ्याचा मालक आपलाच असेल आणि त्याच दिवसाचा खाडा लावत असेल, तर त्या खिचडीला अर्थ काय? मजुराला खैरात नको, त्याचा रोज हवा. पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या दुकानदारांसमोर हा विषय मांडा. मोहल्ल्यातून सुरुवात करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.