वेड्यावाकड्या रेघांचा मॉब

दोस्तांनो, चित्रकलेच्या वहीवर ‘रेघा सुबक काढ’ असा लाल शेरा कधी मिळालाय? मिळाला असेल, तर आजची मालिका खास तुमच्यासाठी आहे बरं का!

जपानमध्ये एक चित्रकथाकार आहे. टोपणनाव ‘वन’, म्हणजे इंग्रजीतला एक. या वनला गोष्टी भन्नाट सुचतात, पण चित्रं मात्र... काय सांगावं! हात लुळे, चेहरे वाकडे, रेघ एका जागी ठरेल तर शपथ! २००९ साली त्याने इंटरनेटवर ‘वन पंच मॅन’ ही चित्रकथा सुरू केली. ती इतकी गाजली, की युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने ती सगळी नव्याने, अगदी रेखीव काढली. २०१५ साली तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आली. तीही त्याच रेखीव वळणाची.

वनची दुसरी चित्रकथा ‘मॉब सायको १००’. २०१६ साली ‘बोन्स’ स्टुडिओने तिची मालिका केली, तेव्हा मात्र दिग्दर्शक युझुरू ताचिकावा आणि पात्रं रेखाटणारे योशिमिची कामेदा यांनी वेगळीच वाट धरली. वनचा वेडावाकडेपणा त्यांनी पुसला नाही, उलट जपला!

हे सोपं नसतं. कार्टून काही एकटा माणूस काढत नाही. कितीतरी चित्रकारांनी काढलेला नायक सारखाच दिसावा, म्हणून प्रत्येक पात्राचा नमुना ठरलेला असतो. कान एवढेच, हनुवटी अशीच. इथे मारामारी रंगात आली की तो नमुना खुशाल गुंडाळून ठेवतात. चेहरे रबरासारखे ताणतात, रेघा थरथरतात, रंग फुटून वाहतात. एखादं दृश्य तर पेन्सिलीने घाईघाईत खरडल्यासारखं दिसतं.

पण हा नुसता धांगडधिंगा नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. नायक शिगेओ कागेयामा हा आठवीतला मुलगा. डोक्यावर वाटी उपडी ठेवून कापल्यासारखे केस. गर्दीतला एक, म्हणून सगळे त्याला ‘मॉब’ म्हणतात. (त्याच्या शहराचं नाव मसाल्यावरून आणि शाळेचं मिठावरून ठेवलंय. वनचा खट्याळपणा, दुसरं काय!) या मॉबकडे जबरदस्त अद्भुत शक्ती आहे. तो नुसत्या मनाने चमचा वाकवतो, भुतं पळवतो. पण लहानपणी एकदा शक्ती आवरली नाही आणि धाकट्या भावाला, रित्सूला, इजा झाली. तेव्हापासून मॉबने रागावणं, रडणं, हसणं, सगळं आत दाबून ठेवलंय. ते आत साठत जातं. पडद्यावर आकडा दिसतो : ६० टक्के, ८० टक्के... १०० झाले की स्फोट!

मॉब शांत असतो तेव्हा चित्रही शांत, जवळजवळ कंटाळवाणं असतं. आकडा चढत जातो तशी रेघ बेभान होत जाते. तापमापीतला पारा चढावा ना, तशी. तोंडाने एक अक्षर न बोलणाऱ्या मुलाच्या पोटात काय चाललंय, ते रेघ सांगते.

पाचव्या भागात तेरू नावाचा घमेंडखोर मुलगा मॉबला लढायला डिवचतो. मॉब नाही म्हणतो, मार खातो. शेवटी शुद्ध हरपल्यावर त्याची शक्ती आपोआप उसळते आणि शाळेची इमारत उखडली जाते. शुद्धीवर येऊन मॉब बघतो, आणि आकडा शंभरावर जातो तो रागाने नव्हे, दुःखाने. माणसावर शक्ती वापरली म्हणून तो रडतो आणि शाळा पुन्हा जशीच्या तशी उभी करतो. मारामारीच्या मालिकेत जिंकलेला मुलगा रडतो, असं आपण कितीदा बघतो?

मॉबचा गुरू रेगेन म्हणजे अस्सल वल्ली. अंगात शक्ती शून्य, तोंडात मात्र साखर. स्वयंपाकघरातलं साधं मीठ फेकून भुतं घालवतो म्हणे! आणि मॉबला तासाला फक्त ३०० येन टिकवतो. लबाडच. पण शक्ती असणं म्हणजे जोरात पळता येण्यासारखंच, त्याने कुणी मोठा होत नाही, हे छोट्या मॉबला पटवून देणाराही तोच.

आई-बाबांसाठी दोन शब्द. तुम्ही १९९३ साली दूरदर्शनवर ज्या मोगलीसाठी रविवारी सकाळी टीव्हीसमोर ठाण मांडत होतात, तोही जपानीच होता. तो मात्र शांत प्रकृतीचा. मॉबमधली काही भुतं चांगलीच भेसूर आहेत, काही मारही जोराचा आहे. सातवीच्या आतल्यांनी एकट्याने बघू नये, असं माझं मत. तिन्ही पर्व मिळून ३७ भाग आहेत. शेवटचं पर्व २०२२ साली आलं.

आणि हो, पहिल्या पर्वातली शेवटची नामावली सोडू नका! मियो सातो या कलावतीने ती काचेवर रंगवलीय. काचेवर चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसून बदलायचं, पुन्हा फोटो. आधीचं चित्र कायमचं गेलं! सुट्टीत करून बघा. काचेऐवजी जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या आणि पोस्टर कलरमध्ये ग्लिसरिनचे दोन थेंब घाला, म्हणजे रंग लवकर सुकत नाही. चेंडूचा एक टप्पा, बारा फोटो. ते भराभर पुढे सरकवले की झाला एक सेकंद. रेघ वाकडी आली तर पुसू नका.