मुलाखतीत विचारतील : पायच का?

गेल्या आठवड्यात रात्री अमेरिकेहून माझ्या नातीचा फोन आला. नात म्हणजे पुतण्याची मुलगी. जन्म तिकडचा, पण घरातले मराठी पक्के. म्हणाली, "आजोबा, पोडियाट्रीच्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलंय. 'पायच का?' असं नक्की विचारतील. काय सांगू?"

पुष्कळ वाचकांना हा शब्द नवा असेल, म्हणून आधी थोडा खुलासा करतो. पोडियाट्री म्हणजे पाऊल आणि घोटा यांचे वैद्यक. अमेरिकेत त्याची स्वतंत्र महाविद्यालये आहेत. न्यूयॉर्कचे १९११ साली निघाले, शिकागोचे १९१२ साली. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढे किमान तीन वर्षे रुग्णालयात प्रशिक्षण. मग कुरूप आणि मांसात रुतलेल्या नखापासून हाडांच्या शस्त्रक्रियेपर्यंत सारे काम ही मंडळी करतात. आपल्याकडे हे काम सर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ यांच्यात वाटले गेले आहे. जे सर्वांचे, ते पुष्कळदा कोणाचेच नसते.

नातीने उत्तर पाठ करून ठेवले होते. तिने ते म्हणून दाखवले : लहानपणापासून लोकांची सेवा करण्याची ओढ, पाय हा शरीराचा पाया, वगैरे. मी म्हटले, "हे उत्तर डोळ्यांचा डॉक्टर होणारा मुलगाही देईल, फक्त पायाच्या जागी डोळा घालील." ती हिरमुसली. मग हळूच खरे बोलली. आधी एमडीच्या कॉलेजांसाठी अर्ज केले होते, तिथे जमले नाही. हे विचारले तर लपवायचे का? शिवाय इकडे तिच्या आजीचे चाललेलेच असते, "एवढं शिकून लोकांची नखं कापायची का?"

माझे मत मी तिला स्पष्ट सांगितले. लपवू नकोस. परीक्षकांसमोर असे अर्ज दरवर्षी येतात. आधी दुसरीकडे प्रयत्न केला यात कमीपणा नाही. या वाटेने का जायचे ते सांगता आले नाही, तर मात्र आहे. आणि ते सांगता येण्यासाठी पुस्तक नव्हे, पाय पाहावे लागतात. तिकडे अर्ज करण्यापूर्वी एखाद्या पोडियाट्रिस्टच्या दवाखान्यात उभे राहून काम पाहण्याची पद्धत आहे. बहुतेक मुले तास भरतात आणि पत्र घेऊन निघतात. मी म्हटले, तास मोजू नकोस; एक रुग्ण तरी नीट पाहा.

मग मी तिला माझीच एक चूक सांगितली. आज वाचकांनाही सांगतो.

माझ्याकडे एक शिक्षक येत. मधुमेह दहा-बारा वर्षांचा. दर दोन महिन्यांनी न चुकता येत; मी रक्तदाब बघे, साखरेचा कागद बघे, गोळ्या लिहून देई. त्यांच्या पायांत कायम बूट-मोजे. मी कधी काढायला सांगितले नाहीत, आणि डॉक्टरांपुढे पाय काय करायचे म्हणून त्यांनी काढले नाहीत. एकदा खोलीत वास आला म्हणून मोजा काढायला लावला. बुटाचा खिळा वर येऊन तळव्यात घुसत होता, कित्येक दिवस. त्यांना पत्ता नव्हता, कारण पायाला जाणीवच उरली नव्हती. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखाली पाय. माझ्या खुर्चीपासून तो पाय दोन फुटांवर होता.

फोनवर नात गप्प झाली. मग म्हणाली, "पण आजोबा, मोजे का नाही काढायला लावलेत?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आजही नाही. तिला म्हटले, "ही गोष्ट मुलाखतीत सांगू नकोस. ती माझी आहे. तू तुझी शोध."

एक गोष्ट मात्र तिला मुद्दाम वाचायला सांगितली, कारण तिचा उगम आपल्याच देशात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की वेदना कळेनाशी होते, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजवून घेतो. १९६६ साली ते अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि हाच धडा तिथे मधुमेहींच्या पायांनाही लागू झाला. आज नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवून जाणीव तपासतात. तो वाकला की १० ग्रॅमचा दाब पडतो. तेवढा दाब कळला नाही, तर ते पाऊल धोक्यात आहे असे समजावे. तपासणीला दोन-चार मिनिटे पुरतात.

परवा नातीचा पुन्हा फोन आला. शनिवारी ती दवाखान्यात उभी होती. एक वृद्ध गृहस्थ आले; पोट सुटलेले, गुडघे धरलेले. स्वतःचा तळवा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, वाकताच येत नव्हते. डॉक्टरांनी जमिनीवर आरसा ठेवला आणि त्यावर पाय धरायला सांगितले. स्वतःचा तळवा बघून म्हातारा हसला. नात म्हणाली, "आजोबा, मला आता पाठ केलेलं काही आठवत नाही." मी म्हटले, तयारी झाली.

मुलाखत पुढच्या बुधवारी आहे. निवड होईल की नाही, सांगता येत नाही. तिच्या आजीला मात्र मी सांगितले आहे की, नखे कापताना ज्याला जखम दिसते तो पाय वाचवतो.

वाचकांना एवढेच सांगणे. घरात मधुमेही असेल तर आज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा नातवंडाला पाहायला सांगा. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा. कुरूप ब्लेडने कापू नका. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते सांगोत न सांगोत, मोजे काढून बसा. माझ्याकडे आलात तरीही.