भाड्याचे घर आणि पाण्याची वाट

निवृत्तीचा पैसा हाती आला की आपल्या हैदराबादी मराठी घरांतून पहिला विचार निघतो तो जागेचा. सोने चोरीला जाते, शेअर कोसळतात, बँकेचे व्याज घटते; भिंती मात्र जागच्या जागी उभ्या असतात आणि दरमहा भाडे देतात, अशी आपली श्रद्धा आहे. ती अगदीच निराधार नाही. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या भागांत कित्येक संसार एखाद्या ‘पोर्शन’च्या भाड्यावर तरून गेले. परंतु तेव्हाचा मालक त्याच वाड्यात, बहुधा माडीवर, राहत असे. अंगणात पाणी शिरले तर भाडेकरूबरोबर त्याचेही पाय भिजत. आजचा मालक राहतो आबिड्सला, आणि त्याची भाड्याची जागा असते शहराच्या कडेला, उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी दोनदा पाहिलेल्या वसाहतीत. उन्हाळ्यात कोणतीही जमीन सज्जनच दिसते.

या शहरात जागा घेणाऱ्याने २८ सप्टेंबर १९०८ ही तारीख विसरू नये. त्या दिवशी मुसी नदीने अफझलगंजापासून चादरघाटापर्यंतच्या वस्त्या धुऊन नेल्या व हजारो माणसे दगावली. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास जीव वाचले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुढे निजाम सरकारने पाचारण केले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे पुणेकरांना त्यांची ओळख आधीच होती. त्यांच्या पाहणीत असे आढळले की, नदीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते आणि त्यांतील २२१ त्या पावसात फुटले होते. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० साली व हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला.

या दोन जलाशयांमुळे हैदराबाद पुरापासून कायमचे सुटले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः धरण अडवते ते वरच्या अंगाचे पाणी. धरणाखाली, खुद्द शहराच्या डोक्यावर जो पाऊस पडतो त्याला वाट हवी असते, आणि ती वाट म्हणजे तलावांची जुनी साखळी: एक भरला की सांडवा नाल्याने दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, शेवटी मुसीत. मधला एखादा तलाव बुजवून तेथे वसाहत उभारली, तरी वरचे पाणी यायचे थांबत नाही. ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेठेला एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १९. त्या दुसऱ्या खेपेस टोलीचौकीची नदीम कॉलनी पाण्याखाली गेली आणि गुर्रम चेरुवु फुटून हाफिज बाबानगरात पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा नदीपात्रातील महात्मा गांधी बसस्थानकातही पाणी आले.

म्हणून जागा पाहताना आधी गावकुसाचे नाव ऐकावे. चेरुवु, कुंटा, तालाब असा शब्द नावात असेल तर तेथे कधीकाळी पाणी होते. तलावाची पूर्ण पातळीची हद्द महानगर विकास प्राधिकरणाच्या नकाशांवर पाहता येते. त्या हद्दीबाहेरही दहा हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या तलावाभोवती ३० मीटर आणि लहान तलावाभोवती ९ मीटर जागा बांधकामाविना सोडावी लागते. जुलै २०२४ मध्ये ‘हायड्रा’ ही यंत्रणा स्थापन झाल्यापासून अशा हद्दीतील अनेक इमारती जमीनदोस्त झाल्या आहेत. तेव्हा धोका एकट्या पुराचा नाही. दलालाला विचारण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, शेजारचा वॉचमन यांना २०२० साली पाणी कोठवर आले होते ते विचारावे. रस्ता जोत्यापेक्षा उंच आहे काय, विजेचे मीटर तळघरात आहेत काय, आणि पिण्याच्या पाण्याचा संप कोठे आहे, हेही पाहावे. पुराचे पाणी संपात उतरले की घर वाळल्यावरही राहण्याजोगे होत नाही.

आता हिशेब. समजा, ६० लाखांची जागा तळमजल्यावर घेतली आणि भाडे १५,००० मिळाले. वर्षाचे १,८०,००० म्हणजे भांडवलावर तीन टक्के. एकदा पाणी शिरले, तीन महिने जागा रिकामी राहिली, रंग, दारांच्या चौकटी, वायरिंग, मोटार यांवर लाखभर गेले, की वर्षाच्या उत्पन्नातले १,४५,००० संपले. येथे प्राप्तिकराचा एक बारकावा आहे. महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च त्याहून कितीही अधिक झाला तरी तो वेगळा धरला जात नाही. पुरप्रवण भागातील स्वस्त जागा प्रत्यक्षात किती महाग पडते, ते येथे कळते.

कायद्याकडेही लक्ष असावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. तेच बंधन भाड्याने देणाऱ्यावरही आहे. म्हणजे बिल्डरने पुराची गोष्ट दडवली म्हणून आपण संतापणार असू, तर ‘टू-लेट’ची पाटी लावताना भाडेकरूपासून ती आपणही दडवू शकत नाही. करारात वेगळे ठरले नसेल आणि पुरामुळे जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरू करार रद्द करू शकतो; पाणी चार दिवसांत ओसरले तर मात्र भाडे चालूच राहते. पण जेथे पोरांची पुस्तके चिखलात गेली त्या घराचे त्या महिन्याचे भाडे मागणे, कायदा काहीही म्हणो, मला तरी प्रशस्त वाटत नाही. किती दिवसांचे भाडे सोडायचे आणि ॲडव्हान्स केव्हा परत करायचा, हे करारातच लिहून टाकावे.

ज्यांनी जागा आधीच घेतली आहे, त्यांच्यासाठी विमा हा मार्ग उरतो. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी देतात. तीत पुराने झालेले इमारतीचे नुकसान येते आणि घर राहण्याजोगे नसेल त्या काळातील बुडालेल्या भाड्याचीही तरतूद असते. मालकाच्या या विम्यात भाडेकरूचे सामान मात्र येत नाही. त्याचा विमा त्याने स्वतंत्र उतरवावा लागतो, हे किल्ली देतानाच त्यास सांगावे.